माळावरचा चुगलखोर

वैजयंतीनं सकाळी साडेनऊला माळावर स्कूटर लावली, तेव्हा शरणबसव सर टॉवरच्या पायथ्याशी उभे होते आणि त्यांच्या काखेत एक रिकामं पोतं होतं.

"सर, पोतं कशाला?"

"अँटेना न्यायला. उघडा नेला तर रिक्षावाला आत घेत नाही."

"न्यायला कुणी सांगितलंय?"

"अजून कुणी नाही. पाच वाजता सांगतील की," सर म्हणाले आणि पोत्याची नीट घडी घालून पायरीवर ठेवली.

तिचं डोकंच फिरलं. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. पोतं घेऊन आलेल्या माणसाचं काय करायचं?

होटगीच्या पुढं, अक्कलकोटच्या वाटेवर हा माळ आहे. त्यावर दीडशे फुटी लोखंडी टॉवर, इंद्रजीतच्या मालकीचा. एका चाळीत तीन बिऱ्हाडं राहावीत तशी या टॉवरवर तीन बिऱ्हाडं राहत होती. पहिलं एका धर्मादाय दवाखान्याचं, कारण त्यांच्या रुग्णवाहिका ज्या पट्ट्यात फिरतात तिथं मोबाइलचा काही भरवसा नाही. दुसरं साखर कारखान्याचं, उसाच्या ट्रॅक्टरना बोलवायला. आणि तिसरं सरांच्या हौशी रेडिओ क्लबचं. तिघांचे तीन रिपीटर खालच्या खोलीत शेजारी शेजारी. रिपीटर म्हणजे फार काही गूढ नाही. दूरच्या रेडिओचं बारीक बोलणं ऐकायचं आणि तेच उंचावरून मोठ्यानं सगळ्यांना ऐकवायचं, एवढंच काम करणारी पेटी.

पंधरा दिवसांपासून दवाखान्याच्या रेडिओत खरखर घुसली होती. मंगळवारी अक्कम्मानं, म्हणजे दवाखान्याच्या वायरलेसवर बसणाऱ्या बाईनं, बाळंतिणीच्या गावाचं नाव चार वेळा सांगितलं. गाडीवरच्या बिरप्पाला चारही वेळा भजी तळल्यासारखा आवाज ऐकू आला, आणि तो अंदाजानं भलत्याच गावाला गेला. तेवीस मिनिटं गेली. बाई आणि बाळ सुखरूप राहिले, पण अक्कम्माला दोन दिवस जेवण गेलं नाही. दवाखान्यानं इंद्रजीतला सांगून टाकलं की शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत आवाज साफ झाला पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरा टॉवर बघतो.

इंद्रजीतनं लगेच गुन्हेगार ठरवला. कारखान्याचा सेट कंपनीचा, दवाखान्याचाही कंपनीचा. क्लबचा तेवढा सरांनी घरी जुळवलेला, त्याची पेटीसुद्धा जुन्या पत्र्याच्या ट्रंकेची. संशय घ्यायला याहून सोपं काय सापडणार? पाचपर्यंत दुसरं काही सापडलं नाही तर क्लबचा अँटेना उतरवायचा, असं ठरलं. आज शनिवार होता.

वैजयंतीकडं या टॉवरची देखभाल तीन वर्षं होती. दर महिन्याला पट्टा बांधून ती टोकापर्यंत चढायची. मागच्या आठवड्यातही चढून आली होती, आणि खाली उतरल्यावर इंद्रजीतसमोर हात झटकून म्हणाली होती, "माझ्या टॉवरवर काही निघालं तर नाव बदलून ठेवीन." बढाई मारायची तर अशी मारावी, की पुढं सगळ्यांना आठवेल.

पण आज तिला नावाची फिकीर नव्हती. आयटीआयमध्ये अठरा मुलांत ती एकटी मुलगी होती, तेव्हा तिच्या हातात पहिल्यांदा तारांना डाग देऊन जोडायची तापलेली कावी देऊन "भाजलं तर भाजू दे, यव्वा, पण सोडू नको" असं म्हणणारे हेच सर. क्लबचा रिपीटर बावीस वर्षं या माळावर होता. माढ्याला अमृत नावाचा माणूस आहे, झाडावरून पडून सात वर्षं अंथरुणाला खिळलेला. रोज सकाळी सातला सर त्याला रेडिओवर हाक मारतात आणि अर्धा तास दोघं बाजारभावापासून चंद्रापर्यंत बोलतात. अँटेना उतरला की ती हाक माढ्यापर्यंत पोचणार नव्हती. आज सात वाजता सर माळाच्या वाटेवर होते. अमृतला त्यांनी काही कळवलंच नव्हतं, कारण काय सांगायचं ते त्यांना सुचलं नव्हतं.

"पोतं राहू द्या तिथंच," वैजयंती म्हणाली. "पाचला अजून साडेसात तास आहेत."

दहाच्या सुमाराला इंद्रजीतची जीप आली. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत जन्मला होता. आल्या आल्या त्यानं खोलीत जाऊन क्लबच्या सेटचं बटण बंद केलं. दवाखान्याच्या स्पीकरमधली खरखर कात्रीनं कापल्यासारखी थांबली.

"बघा," तो म्हणाला. "आता आनि काय शोधायचं हाय?"

सरांनी मान खाली घातली. वैजयंतीनं मात्र क्लबचा सेट पुन्हा चालू केला, खरखर परत आली, आणि मग तिनं कारखान्याचा सेट बंद केला. खरखर पुन्हा थांबली.

इंद्रजीत स्पीकरकडं बघत राहिला. "हे कसं काय?"

"तेच विचारतेय मी. क्लब बंद केला तरी थांबतं, कारखाना बंद केला तरी थांबतं. मग एकट्या क्लबचा अँटेना का उतरवायचा?"

सरांनी मान वर केली. वर्गात एखाद्या पोरानं बरोबर प्रश्न विचारला की त्यांचा चष्मा आपोआप नाकावर वर सरकायचा. तसा तो सरकला.

"इंद्रजीत, दोन घरं आहेत समजा," ते म्हणाले. "दोघं आपापल्या घरात बोलतात, कुणाला त्रास नाही. पण मधे एक चुगलखोर बसलाय. तो दोघांचं ऐकतो, त्याची मिसळ करतो आणि तिसऱ्याच्या कानात ओततो. एक जण गप्प बसला तर मिसळीला मालच नाही, म्हणून आवाज थांबतो. दोष घरांचा नाही. चुगलखोर शोधला पाहिजे."

"आनि त्यो असतोय कोन?"

"कुठला तरी सांधा. लोखंडाला लोखंड लागलंय, पण धड लागलेलं नाही. मधे गंज असला की झालं."

"व्हय, पन माज्या टॉवरवर सांधे किती हाईत म्हायत हाय का? दोन हजार." इंद्रजीतनं घड्याळ बघितलं. "पाचपर्यंत काय काय उघडून बघनार?"

दोन हजार हा आकडा ऐकून कुणाचंही अवसान गळालं असतं. वैजयंतीला उलट हुरूप आला. पंधरा दिवस ती हवेत हात मारत होती. आता शोधायला निदान काहीतरी होतं. तिनं हातातल्या छोट्या रेडिओवरून अक्कम्माला गाठलं आणि खरखर कधी कधी येते ते विचारलं.

अक्कम्मा वही ठेवणारी बाई होती. खरखरीतूनच तिचा आवाज तुटत तुटत आला. "पहाटे नसतंय. सात, आठ, काई न्हाय. दहाच्या पुडं सुरू होतंय. काल दुपारी वारं सुटलं की, तवा तर लईच."

"सातला नक्की नसतं?"

"हौदु हौदु, व्हय. लिवलंय मी. पंदरा दिवसांत एकदा बी न्हाय."

वैजयंतीनं सरांकडं बघितलं. सर आधीच तिच्याकडं बघत होते.

"सातला तुम्ही अमृतशी बोलत असता," ती म्हणाली. "म्हणजे क्लबचा सेट चालू. कारखाना तर रात्रंदिवस चालू. दोन्ही घरं बोलतायत, आणि तरी आवाज नाही."

"म्हणजे सातला चुगलखोर झोपलेला असतो," सर म्हणाले. "सातला असं काय असतं, जे दहाला नसतं?"

ती दारात जाऊन उभी राहिली. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. कुंपणाच्या सावलीतलं गवत अजून ओलं होतं, उन्हातलं केव्हाच वाळलं होतं. तिच्या चपलेला ओला चिखल लागला होता. ती चपलेकडं बघतच राहिली.

"दव," ती म्हणाली. "सर, दव. ओलं असतं तोवर गप्प बसतं, वाळलं की बोलायला लागतं. म्हणजे ते खोलीत नाही. बाहेर उघड्यावर आहे आणि वाऱ्यानं हलतंय."

दोन हजारांतले किती सांधे त्या एका वाक्यानं गळाले ते कुणी मोजलं नाही, पण इंद्रजीतसुद्धा जीपची किल्ली खिशात टाकून पुढं झाला.

सरांनी पिशवीतून आपलं हत्यार काढलं. प्लॅस्टिकच्या नळीला गवंड्याच्या मोजपट्टीचे तीन तुकडे आडवे बांधले होते. त्यावर इंचाचे आकडेसुद्धा तसेच दिसत होते. हा त्यांचा घरगुती अँटेना. ज्या दिशेला धरावा तिकडचं तेवढं जास्त ऐकायचा. इंद्रजीत तो बघून हसला, पण पाचच मिनिटांत तोच सगळ्यात पुढं चालत होता. सर खोलीत दोन्ही हातांत दोन माईक धरून बसले, एक कारखान्याचा आणि एक क्लबचा, आणि बाहेरून हाक आली की दोन्हीची बटणं एकदम दाबायचे. बाहेर वैजयंती मोजपट्टी फिरवत खरखर ऐकायची.

कुंपणाचं दार हलवलं. काही नाही. दाराची साखळी हलवली, तिच्यावर एवढा गंज होता की वैजयंतीची खात्रीच झाली होती. पण तीही निर्दोष निघाली. शेजारच्या पत्र्याच्या शेडवर इंद्रजीत स्वतः चढून पत्रे दाबून आला आणि पँट फाडून घेतली. विजेच्या बचावासाठी जमिनीत उतरवलेली पट्टी तपासली. बारा वाजले, एक वाजला. सरांच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तिघांनी उभ्या उभ्याच खाल्ली, आणि इंद्रजीत तोंडात घास असतानाच म्हणाला, "त्या पाण्याच्या टाकीच्या मागं बघितलं का आपन?" त्यालाही आता चटक लागली होती.

टाकीच्या मागंही काही नव्हतं. वैजयंतीनं तिथं उभं राहून मोजपट्टी सावकाश आभाळाकडं उचलली. हातातला रेडिओ एकदम खवळला. खाली आणली, गप्प. वर नेली, पुन्हा तेच.

"वर आहे," ती म्हणाली. "सर, वर आहे. टोकाला."

पुढचं काम जोखमीचं, म्हणून तिथं घाई केली नाही. चालू अँटेनाच्या जवळ जायचं म्हणून सरांनी तिन्ही सेटची ताकद अगदी कमी करून ठेवली. वैजयंतीनं पट्टा बांधला, दोन हुक तपासले, एका कानात रेडिओची वायर घातली आणि कमरेला लाकडी दांडकं अडकवलं, सांधे ठोकून बघायला. अडीचला ती चढायला लागली.

पन्नास फुटांवर दांडकं मारलं, काही नाही. ऐंशीवर नाही. शंभरावर वारा लागायला लागला आणि खाली इंद्रजीतची जीप काडेपेटीएवढी झाली. कानातली खरखर मात्र दर पायरीला वाढत होती. लपाछपीत लपलेल्याचं पाऊल दिसावं, तसं तिला झालं होतं. एकशे तीस फुटांवर ती थांबली. दवाखान्याचा अँटेना वर, कारखान्याचा उजवीकडं, क्लबचा डावीकडं.

तिनं क्लबच्या अँटेनाला टॉवरशी धरून ठेवणारी पकड ठोकली. गप्प. कारखान्याची ठोकली. गप्प. मग एक जोराची झुळूक आली, कानात भजी तळायला लागली, आणि त्याच क्षणी तिच्या गालाला काहीतरी टोचलं.

तिनं मान वळवली. टॉवरच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत एक तार लोंबत होती. तांबूस, गंजलेली. गाठीपुढचं एक टोक सुटलं होतं आणि वाऱ्यानं टोकावरच्या दिव्याच्या वायरीच्या लोखंडी नळीला घासत होतं. तारेला अडकून आंब्याच्या पानाचा एक वाळका देठ राहिला होता.

वैजयंतीनं ती तार ओळखली. ओळखणारच, कारण ती तिनंच बांधली होती.

खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारं पुजतात. माळावर टॉवर पुजतात. पायथ्याशी इंद्रजीत नारळ फोडतो, पान्यांना हळदकुंकू लागतं आणि झेंडूचं तोरण टोकाला जातं. पहिली दोन वर्षं तिनं सुतळीनं बांधलं, आणि माळावरच्या वाऱ्यानं ते चार दिवसांत खाली आणलं. यंदा तिनं खोलीच्या बांधकामातली उरलेली तार घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा आता, पुढच्या दसऱ्यापर्यंत हलणार नाही." पावसानं तार गंजली, झेंडू वाळून उडून गेला. आणि मागच्या आठवड्यात तपासणीला आली तेव्हा हीच तार तिच्या वाटेत आली होती. तिनं ती बोटांनी हळूच बाजूला केली होती. दसऱ्याचं तोरण कुणी ओढून काढत नाही, ते आपलं आपण गळतं. तिच्या यादीत बोल्ट होते, पकडी होत्या, केबली होत्या. तोरण टॉवरचं नव्हतंच, देवाचं होतं.

"काय सापडलं का?" कानात सरांचा आवाज आला.

तिचा हात कमरेच्या पक्कडीकडं गेला. तार कापून खिशात टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. पकड ढिली होती, आवळली, असं म्हटलं की झालं. कोण चढून बघणार होतं? पण कुणाची पकड म्हणून विचारलं असतं. कारखान्याच्या पकडी कंपनीच्या माणसानं बसवलेल्या. इंद्रजीतच्या डोळ्यांसमोर पहिला आला असता तो पत्र्याच्या ट्रंकेवाला सेट. आणि पायरीवर ते पोतं घडी घालून ठेवलेलं होतं.

या वाहिनीवर आता अक्कम्मा ऐकत होती, गाडीवरचा बिरप्पा ऐकत होता, खाली इंद्रजीत ऐकत होता. लाजेनं तिचे कान तापले. तिनं बटण दाबलं.

"चुगलखोर सापडला. खंडेनवमीच्या तोरणाची तार आहे. फुलं गेली, तार राहिली, गंजली. क्लबचा काही दोष नाही, कारखान्याचाही नाही. तार मी बांधलेली आहे."

मग इंद्रजीतचा आवाज आला. "मागच्या आठवड्यात चढली हुतीस की. तवा दिसली न्हाय?"

"दिसली होती. देवाची म्हणून सोडली."

तिनं तारेला हात लावून नमस्कार केला, पक्कड काढली आणि दोन्हीकडून तार कापून पिशवीत टाकली. "सर, दाबा."

सरांनी दोन्ही बटणं दाबली असणार. कानात काहीच आलं नाही. वारा तेवढा येत होता. तिला वाटलं, वायर निसटली. तिनं चाचपून बघितली. वायर जागेवर होती.

"सर, दाबलंत का?"

"केव्हाचा दाबून बसलोय, यव्वा."

तिला एकशे तीस फुटांवर हसू फुटलं. असं फुटलं की तिला टॉवरला मिठी मारावी लागली. ती भराभर पण नेमानं हुक बदलत उतरली, आणि ती खाली पोचेपर्यंत सरांनी सगळे सेट पूर्ण ताकदीवर आणले होते. आता खरी परीक्षा होती. कारखाना बोलत होता, क्लब बोलत होता, आणि दवाखान्याच्या स्पीकरमधून अक्कम्माचा आवाज आला, जवळ बसून बोलल्यासारखा. तिनं बिरप्पाला मंगळवारच्याच गावाचं नाव सांगितलं. फक्त एकदाच.

बिरप्पानं ते नाव लगेच परत म्हटलं. मग म्हणाला, "अक्कम्मा, तुमी आज हळू बोलताय."

"आज वरडायला लागत न्हाय की," अक्कम्मा म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. इंद्रजीतनं टॉवरची नोंदवही उघडली, तारीख घातली, आणि वैजयंतीकडं न बघता विचारलं, "काय लिवू?"

"झालं ते लिहा. तार वैजयंतीनं बांधली, वैजयंतीनं काढली."

त्यानं तसंच लिहिलं, एकेक अक्षर दाबून. तिनं खाली सही केली. मग तो म्हणाला, "नाव बदलनार हुतीस."

"बदलते की. सुचवा एखादं."

"ऱ्हाऊ दे हेच. आता वहीत चढलंय, खोडायचं कुनी." तो वहीतून वर बघून पहिल्यांदा हसला. "फुडच्या खंडेनवमीला तोरन कोन बांदनार?"

"मीच. सुतळीनं."

"चार दिसांत पडतंय ते."

"पडू दे की," ती म्हणाली.

इंद्रजीत बाहेर गेला. पायरीवरचं पोतं त्यानं उचललं, झटकलं आणि खोलीच्या उंबऱ्यात पसरलं. त्यावर चपला खसाखसा घासून तो आत आला आणि म्हणाला, "सर, हे पोतं आता हितंच ऱ्हाऊ द्या. पाय पुसायला कायच न्हवतं बगा."

सर क्लबच्या सेटसमोर बसले. त्यांनी माईक उचलला, माढ्याला हाक द्यायला तोंड उघडलं आणि तसाच खाली ठेवला. दुसऱ्यांदा उचलला. त्यांचा चष्मा धुकटला होता. शेवटी त्यांनी तो माईक वैजयंतीपुढं धरला.

तिनं सरांच्या क्लबची खूण सांगून हाक दिली. पलीकडून अमृत इतक्या लगेच बोलला, की सकाळी सातपासून तो रेडिओ उशाशी घेऊन वाट बघत पडला असणार, हे सगळ्यांना कळलं.

"सर कुटं हाईत? आज हाक न्हाय आली."

"इथंच आहेत," वैजयंती म्हणाली. "उद्या सातला येतील."